बुवांची हजेरी

भाऊबीज आठवड्यावर आली असताना सावंतवाडीहून फोन आला. माझ्या मुलीला ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्या मुलाच्या वडिलांचा. निवृत्त शिक्षक, घरी गाण्याचा क्लास चालवणारे. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. "रीतसर बघण्याबिघण्याचा कार्यक्रम नको," ते म्हणाले. "भाऊबीज झाली की सगळे या. सुट्टी आमच्याकडे घालवा, सावंतवाडी बघा, गाणं ऐका. रविवारी सकाळी घरीच बैठक ठेवतो. आणि तुमच्या वडिलांना आवर्जून सांगा, त्यांनी हजेरी लावायची आहे."

मी निरोप जसाच्या तसा बाबांना दिला. बाबा खळ्यात भाताचे भारे रचत होते. "हजेरी लावूची म्हणजे जावकच व्हया," म्हणाले आणि हात झटकून आत गेले, पेटीतला पांढरा सदरा काढायला.

बाबांची सगळी नोकरी हजेरीवर गेलेली. तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर ते हजेरी घ्यायचे. खडी फोडणाऱ्या, डांबर पसरणाऱ्या बायाबाप्यांची नावं सकाळी पुकारायची, जो 'हजर' म्हणेल त्याच्यासमोर खूण करायची. एकदा एका साहेबाने आपल्या मेव्हण्याचं नाव घरबसल्या हजर लावायला सांगितलं. बाबांनी लावलं नाही. साहेबाने त्यांना पावसाळाभर घाटात टाकलं, तरी लावलं नाही. नोकरी संपल्यावरही गावात कुणाचं कशावरून वाजलं, अमुक माणूस तिथे होता की नव्हता असा वाद निघाला, की लोक आमच्या दारात यायचे. बाबा होता म्हणाले की होता, नव्हता म्हणाले की नव्हता. तिथे भांडण संपायचं.

सरांच्या तोंडची हजेरी मात्र वेगळी होती. गाणाऱ्यांच्या घरात हजेरी लावणं म्हणजे बैठकीत बसून चार ओळी गाऊन दाखवणं. हा अर्थ मला ठाऊक होता, बाबांना नव्हता. आणि मी तो सांगितला नाही, कारण सांगितला असता तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

बाकीचं म्हणजे माझी थाप. त्याआधी पंधरा दिवस सरांचा पहिला फोन आला होता, ओळख करून घ्यायला. मी कणकवलीतल्या एका शाळेच्या कचेरीत काम करते, घरची भातशेती, काजूची झाडं, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गाणं आहे का हो?" विचारलं साधंच असेल. पण मला त्यात एक मऊ कीव ऐकू आली. शेतकऱ्याच्या घरात पुस्तकं आहेत का असं कुणी विचारावं, तशी. माझं डोकं तापायला तेवढं पुरतं. आमच्या नांदगावकडे माणसं राहतात की नुसते रेडे, असंच तोंडावर येत होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "आहे म्हणजे? माझे वडील भजनाचे बुवा आहेत. चाळीस वर्षं."

चाळीस वर्षं बाबा भजनात होते, हे खरं. बुवा नव्हते. बुवा म्हणजे जो पेटी घेऊन मध्ये बसतो, गातो, ज्याच्यामागे बाकीचे म्हणतात. बाबांना सूर म्हणून नाही. मंडळातल्या जाणत्यांनी फार पूर्वीच त्यांना प्रेमाने सांगितलं होतं, तुमी नुसते ओठ हलवा. ते ओठ हलवायचे. एरवी त्यांचं काम कणकेचं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक बाबा घरी मळून स्टीलच्या डब्यातून देवळात न्यायचे, आणि भजन सुटलं की खरवडून पखवाज पुसून ठेवायचे.

"वा, बुवा!" सर फोनवर एवढे खूश झाले की मला वाटलं, बरं झालं सांगितलं.

नवरा मळणीसाठी घरी राहिला; लग्नापासून आम्ही बाबांच्याच घरी, शेती आता तोच बघतो. मी, बाबा आणि मुलगी नांदगावला पॅसेंजरमध्ये बसलो. मुलगी कुडाळला लॅबमध्ये काम करते. सरांचा मुलगा गोव्यात औषधाच्या कंपनीत, रोज सीमेवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून जाणारा. दोघांचं आपसात दीड वर्ष ठरलेलं. प्रश्न फक्त सरांच्या हो म्हणण्याचा होता. मुलगी खिडकीशी बसून नखं खात होती. लहानपणी मी तिची ती सवय मिरची चोळून मोडली होती, त्या दिवशी परत आली.

"सर तसे चांगले आहेत ना?" मी सहज विचारलं.

"चांगले आहेत. पण एक आहे, आई." कणकवली गेल्यावर तिने सांगितलं. थोरल्या मुलाचं लग्न सरांनी साखरपुडा झाल्यावर मोडलं होतं. ती मुलगी पदवीधर आहे असं तिच्या वडिलांनी सांगितलेलं, आणि निघालं असं की तिचा एक विषय राहिला होता. "विषय राहिला त्याचं त्यांना काही नव्हतं. सर म्हणाले, माझ्या तोंडावर खोटं बोलले, ते घर मला नको. थोरला मुलगा अजून तसाच आहे."

समोर बाबा भाऊबीजेच्या करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. त्याच वेळी मुलीला सांगून टाकायला हवं होतं. ती ओरडली असती, रडली असती, पण सरांना स्टेशनवरूनच फोन करून मोकळी झाली असती. मी सांगितलं नाही. म्हटलं, बघू, निभावून नेऊ. स्वतःच्या हुशारीवर माझा तेव्हा फार विश्वास होता.

स्टेशन शहरापासून लांब आहे. मुलगा रिक्षा घेऊन आला होता. त्याने वाकून बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "या बुवा." बाबांनी आशीर्वाद दिला. रिक्षात माझ्या कानाशी म्हणाले, "चांगलो आसा झील. म्हाताऱ्या माणसाक बुवा म्हणता." मला कळलं की बाबांना त्या शब्दाचा संशयच आलेला नाही. त्यांना वाटलं, शहरात वयस्कर माणसाला आदराने असंच म्हणत असतील.

सरांच्या घरी दोन तंबोरे, तीन पेट्या आणि भिंतीला टेकवलेले तबले. जेवायच्या खोलीतसुद्धा एक पेटी. बाई, म्हणजे मुलाची आई, आमटी ढवळताना गुणगुणत होत्या आणि मध्येच थांबून आतल्या खोलीत शिकणाऱ्या मुलीला ओरडून सांगत होत्या, "गंधार उतरतोय तुझा!" आमटीला मीठ कमी होतं, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. मी मनात हसून घेतलं. हसायची माझी ती शेवटची वेळ.

शनिवारी सकाळी सर आम्हाला शहर दाखवायला निघाले. त्यांना शहराचा भारी अभिमान. मोती तलावाला फेरी घालताना दर दहा पावलांवर कुणी भेटायचं आणि सर थांबायचे. "हे आमचे पाहुणे, नांदगावकडचे. आणि हे बुवा, चाळीस वर्षं भजनात आहेत. उद्या हजेरी आहे यांची, या नक्की." पहिल्या माणसाला सांगितलं तेव्हा मी घाईने पुढे चालू लागले. चौथ्याला सांगितलं तेव्हा तलावाकडे बघत राहिले, पाणी किती स्वच्छ आहे असं काहीतरी बडबडले. बाबा प्रत्येकाला हात जोडून म्हणत होते, "होय, होय, येणार ना. सांगितलंय म्हणजे येणार." साहेबलोकांशी बोलताना ते कचेरीतली शुद्ध मराठी काढतात, एकेक शब्द तपासून.

हे असं शहर मी तोवर बघितलं नव्हतं. गल्लीत शिरलं की या खिडकीतून सा रे ग म, त्या खिडकीतून तबला. दाढी करणारा न्हावी गिऱ्हाइकाला सांगत होता की काल रेडिओवर कोण किती बेसूर होतं. चहावाला चहा गाळताना बोटांनी ठेका धरत होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी या सगळ्यावर लट्टू झाले असते. त्या दिवशी मला एकच दिसत होतं, की इथे प्रत्येकाला कान आहेत.

राजवाडा बघितला. चितारआळीत लाकडी केळी, लाकडी वांगी, खऱ्यासारखी रंगवलेली. मुलीने तिच्या होणाऱ्या सासूला दाखवून एक डाळिंब उचललं, दोघी हसल्या, बाईंनी तिच्या गालावरची बट मागे केली. ते बघून मला भरून आलं. हे सगळं माझ्या एका वाक्यावर उभं आहे, ते मोडलं तर या पोरीचा जन्म मोडेल, असंच वाटत राहिलं.

त्यानंतर सरांनी आम्हाला तबलेवाल्याच्या दुकानात नेलं. कारागीर त्यांचा जुना विद्यार्थी. नुकताच कुठल्याशा गिऱ्हाइकाने वाजवून बघितलेला एक पखवाज बाजेवर होता, डाव्या बाजूला कणीक तशीच. "बुवा, हात लावून बघा," सर म्हणाले.

मी पुढे झाले. "राहू दे हो, दमलेत ते."

पण बाबा बसलेसुद्धा. वाजवायला नाही. त्यांनी कणकेवर अंगठा दाबला, नाक वाकडं केलं. "सुकलीय," म्हणाले. "पाण्याचा हात लावा. आणि मधे जाड झालीय, कडेला ओढून घ्या." कारागिराने वाटीतलं पाणी घेतलं. बाबांनी स्वतःच कणीक ओढून सारखी केली, बोटं ओली करून गुळगुळीत केली आणि म्हणाले, "मारा आता." कारागिराने थाप मारली. दुकानात असा गोड घुमार भरला की सर डोळे मिटून उभे राहिले.

"याला म्हणतात जाणकार!" सर मला म्हणाले. "ताई, तुम्ही तर कमीच सांगितलंत."

मी रडायच्या बेतात होते. बाबा मात्र खुशीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कणकेला दाद दिली होती.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी बाबांना घेऊन पुन्हा तलावावर गेले, दोघंच. कठड्याशी बसवलं आणि म्हटलं, "बाबा, फाल्या बैठकीत तुमका कोणी गाऊक सांगल्यान, तर घसो बसलो म्हणान सांगा."

"माका कोण कित्याक गाऊक सांगतलो?"

"सांगल्यानी तर."

"मगे सांगान, माका येना नाय."

"तसा नको. घसो बसलो, इतक्याच."

बाबांनी घसा खाकरून बघितला. "घसो बरो आसा माझो. खोटा कित्याक बोलू?"

"माझ्यासाठी बोला."

"तुझ्यासाठी कित्याक? तुझो घसो बसलो?"

मी चिडले. मला माझाच राग येत होता, काढला त्यांच्यावर. म्हटलं, आयुष्यभर तुमचं हे खरं खरं ऐकून कान किटले, आईने तुमच्या खरेपणापायी घाटातल्या झोपडीत पावसाळा काढला, एकदा माझ्यासाठी एक शब्द बोललात तर काय बिघडेल? आजूबाजूला माणसं फिरत होती, म्हणून दातओठ खात बोलत होते. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काही कळत नव्हतं. मी कारण सांगितलं असतं तर कळलं असतं. "बरा," एवढंच म्हणाले आणि उठले. ते बरा म्हणजे बोलेन होतं की नुसतं मला गप्प करणं होतं, हे मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी नऊच्या आधीच हॉल भरला. तलावावर भेटलेले सगळे आले होते, तबलेवाला आला होता, न्हावीसुद्धा. चपलांची रांग पायरीखाली गेली. बाबा पांढरा सदरा घालून भिंतीशी ताठ बसले. मुलगी बाईंच्या शेजारी, त्यांनीच तिला हाताला धरून बसवलेलं. मी दारापाशी जागा धरली. का, ते सांगता येणार नाही; पळून कुठे जाणार होते?

आधी दोन विद्यार्थिनी गायल्या. मग बाई गायल्या, मुलगा तबल्यावर. छान गायल्या असणार, सगळ्यांच्या माना डोलत होत्या. मला एक सूर ऐकू आला नाही. प्रत्येक गाणं संपत आलं की मी घड्याळाकडे बघायचे, आणि नवीन सुरू झालं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटायचं. मनात म्हणत होते, आणखी एक गा, वाजू दे बारा, वाजू दे एक, आमची एसटी निघून जाऊ दे.

सरांनी पेटी पुढे ओढली. "आता," ते म्हणाले, "बुवांची हजेरी."

बाबांनी हात वर केला. सरळ, खांद्याच्या वर. "हजर," म्हणाले.

हॉल खळखळून हसला. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने गंमत केली. सरही हसले. "तशी नव्हे, बुवा. गाऊन. पट्टी सांगा, मी साथीला आहे."

बाबांनी हात खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. मी दारातून घशाला हात लावला, कुणाला दिसणार नाही असा. त्यांनी ते बघितलं, आणि मान फिरवून सरांना म्हणाले, त्यांच्या त्या कचेरीतल्या मराठीत, "साहेब, मला गाता येत नाही."

"असं कसं? चाळीस वर्षं भजन करता."

"चाळीस वर्षं भजनात आहे. पण मला गळा नाही. मी गायलो तर लोक उठतील."

"मग भजनात काय करता?"

"कणीक मळतो."

पुन्हा हशा झाला. या वेळी सर हसले नाहीत. पेटीचा भाता त्यांनी अर्धा ओढला होता, तो हळूहळू मिटत गेला. ते माझ्याकडे वळले. "ताई," म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही मला फोनवर सांगितलंत की हे बुवा आहेत."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. आई आता काहीतरी सांगेल, ऐकण्यात चूक झाली असं काही निघेल, असं. बाईंनी तिच्या हातावर ठेवलेला हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. ते मी बघितलं. तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटलेली. हो, मी खोटं बोलले, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. ते आतून वर यायलाच तयार नव्हते.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हा सगळं उमगलं असणार: स्टेशनवरचं 'या बुवा', तलावावरची माणसं, माझी ती चिडचिड. मी बघितलं आहे ते, त्यांच्या डोळ्यांत कळणं येताना. त्यांनी एकदा नातीकडे बघितलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, आणि आता कचेरीतली मराठी नव्हती,

"सर, माझ्या ह्या चेडवाचो काय्येक दोष नाय. मीच तिका तसा सांगूक लायलंय. तिना नको म्हटल्यान, मीच हट्ट केलंय. म्हातारपणाची हौस हो. जलमभर दुसऱ्यांच्या पखवाजाक कणीक लायलंय. म्हटला, एकदा तरी कोणी माका बुवा म्हणुचा."

आणि हसले. ओशाळून, चोरी पकडलेल्या माणसासारखे. ते हसणं इतकं बेमालूम होतं की क्षणभर माझाच विश्वास बसला. ज्या माणसाने साहेबाच्या मेव्हण्यासाठी कागदावर एक खूण केली नव्हती, तो वीसेक परक्या माणसांत, स्वच्छ सदरा घालून, स्वतःला खोटारडा म्हणवून घेत होता.

तबलेवाल्याने मान खाली घातली होती. मग सरांनी पेटी बाजूला सरकवली. "बाबा," ते म्हणाले, बुवा नाही, बाबा. "खोटं मला चालत नाही. पण ही असली हौस, या वयात... तिला काय म्हणायचं?" आणि त्यांना हसू आलं. बाईंनाही आलं. हॉल सैल झाला, कुणी म्हणालं, "कणीक मात्र अस्सल हो," कुणी टाळी दिली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही वडिलांच्या शब्दाबाहेर गेला नाहीत. स्वतःला पटत नसताना त्यांचं मन राखलंत. हे बघून मला बरं वाटलं. अशा घरातली मुलगी आम्हाला हवी."

तो माझा दुसरा मोका होता. पहिल्या वेळी जीभ चिकटली होती असं म्हणता येईल. या वेळी तसं काही नव्हतं. माझ्याच खोटेपणाबद्दल माझं कौतुक होत होतं, बाई परत माझ्या मुलीचा हात हातात घेत होत्या, आणि मी मान खाली घातली. लाजल्यासारखी. दुपारी जेवताना तारखांची बोलणी झाली.

एसटीत बाबा खिडकीशी बसले. मुलगी कुडाळला उतरली, उतरताना तिने मला घट्ट मिठी मारली आणि बाबांच्या पाठीत लटका गुद्दा घातला, "काय हो बुवा!" तिच्या तोंडावरून आनंद सांडत होता. गाडी सुटल्यावर मी म्हटलं, "बाबा..."

"गप रव," ते म्हणाले. "झाला ता झाला. लग्नाचा बघ."

"मी सरांना सांगते. आज नाही, लग्न झाल्यावर सांगते."

रस्त्याच्या कडेला डांबराचं काम चालू होतं, बाबा ते बघत बसले.

लग्न झालं, चांगलं झालं. पण पंगतीत सरांनी आमच्या भजनी मंडळातल्या लोकांना तो किस्सा रंगवून सांगितला. प्रेमानेच सांगितला. सगळ्यांच्या हसून मुरकुंड्या वळल्या, आणि तिथून तो आमच्या गावात आला. पोरं बाबांना बुवा म्हणून हाक मारू लागली. बाबाही हात वर करून 'हजर' म्हणायचे. मग शिमग्यात पालखीला खांदा द्यायच्या मानावरून दोन घरांत वाद पेटला, गेल्या वर्षी अमुक घरचा माणूस उभा होता की नव्हता. कुणी म्हणालं, बाबांना विचारू, ते सांगतील. आणि गर्दीतून एक जण म्हणाला, "तेंचा काय खरा? ते बुवापण झालेले!" लोक हसले. बाबाही हसले आणि देवळामागच्या वाटेने घरी आले. मी चुलीपाशी होते. काय झालं ते मला शेजारणीने सांगितलं, बाबांनी नाही. त्यानंतर असल्या वादासाठी आमच्या दारात कुणी आलं नाही.

लग्न झाल्यावर सांगते म्हटलं होतं. लग्न झालं, मग म्हटलं वर्ष जाऊ दे, मग म्हटलं तिला दिवस गेलेत, आता नको. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. मनातून मला पक्कं ठाऊक आहे की आता सांगितलं तर लग्न मोडणार नाही. सर चार दिवस बोलणार नाहीत फार तर. मोडणार आहे ते माझ्याबद्दलचं त्यांचं मत, आणि मुलीचं. तेवढ्यासाठी मी बाबांना खोटारड्याच्या जागी बसवून ठेवलं आहे.

गेल्या दिवाळीत मुलगी आणि जावई आमच्याकडे होते. सकाळी सगळे पडवीत पोहे खायला बसलो होतो, बाबा भिंतीला टेकून. बोलता बोलता तो रविवार निघालाच. जावयाने सरांचा आवाज काढला, मुलीने हात वर करून 'हजर' केलं आणि हसून हसून डोळे पुसत माझ्याकडे वळली. "आई, पण खरं सांग हां. आजोबांनी तुला एवढी मोठी थाप मारायला सांगितली, आणि तू ऐकलंस?"

बाबांनी बशीतून मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं. "ऐकलं."